तिहेरी उडीचा साठ फुटी विक्रम

संपादक साहेब, नमस्कार,
क्रीडा पानावर रोज क्रिकेटच वाचून कंटाळा आला म्हणून हे पत्र. तिहेरी उडीतला जोनाथन एडवर्ड्स आठवतोय का कुणाला? ब्रिटनचा हा गडी, अंगाने काटकुळा, बघून वाटणार पण नाही की हा कुठला वर्ल्ड रेकॉर्डवाला. ७ ऑगस्ट १९९५, स्वीडनमधलं गॉथेनबर्ग, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, पहिल्याच उडीत १८.१६ मीटर म्हणजे नवा विक्रम, आणि लोक टाळ्या वाजवतायत तोवर दुसऱ्या उडीत १८.२९, म्हणजे साठ फूट आणि वर जरासं! स्वतःचाच रेकॉर्ड काही मिनिटांत मोडला. त्याची उडी बघाल तर पाणी कापत जाणाऱ्या चपट्या दगडासारखी, उंच जाण्यापेक्षा वेग टिकवायचा, लंगडी, ढांग आणि मग वाळूत.

याच माणसाने धर्मश्रद्धेपायी रविवारी उडी मारायची नाही म्हणून १९९१ची टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली होती, नंतर १९९३मध्ये विचार बदलला. (आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर काय काय ऐकावं लागलं असतं!) १९९६ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या केनी हॅरिसनने १८.०९ मारून गोल्ड नेलं, एडवर्ड्सला सिल्व्हर. शेवटी २०००ला सिडनीत ३४व्या वर्षी गोल्ड मिळालंच.

आपला तिहेरी उडीवाला प्रवीण चित्रवेल २०२३मध्ये क्यूबातल्या हवानात १७.३७ मीटर गेला तेव्हा तुमच्या पानावर किती ओळी होत्या, जरा जुने अंक काढून बघा.

– एक वाचक, सातारा