गोल्डवॉटर म्हणे स्वतःच्या हिमतीवर!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या काँझर्व्हेटिव्ह राजकारणावरचा तुमचा लेख वाचला, छान जमलाय, पण बॅरी गोल्डवॉटर (अ‍ॅरिझोना राज्याचे रिपब्लिकन सिनेटर, १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार) म्हणजे वाळवंटातून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला गडी, असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. हे चित्र साहेबांनी स्वतःच रंगवलं आणि लोक अजून तेच कॉपी-पेस्ट करतायत.

आजोबा मायकेल मूळचे पोलंडमधल्या कोनिनचे ज्यू, आडनाव गोल्डवासर. १८५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आले, बार काढून बघितला, दिवाळं निघालं, मग अ‍ॅरिझोनात दुकानदारी सुरू केली. त्या माणसाच्या हिमतीला सलामच आहे. पण तेव्हा तिथे गिऱ्हाईक होतं कोण? खाणवाले आणि सरकारी सैन्य! छावण्यांना माल पुरवायच्या कंत्राटांवर धंद्याला चांगलाच हात मिळाला. पुढे मायकेल तिथल्याच प्रेस्कॉट गावचे मेयर झाले, काका मॉरिस तर कितीतरी वर्षं मेयर. १९०९ मध्ये बॅरी अ‍ॅरिझोनातल्याच फिनिक्सला जन्मले तेव्हा गोल्डवॉटर्स हे बड्या लोकांचं दुकान होतं. १९२९ ला वडील गेले, बॅरी कॉलेज एका वर्षात सोडून थेट घरच्या गल्ल्यावर. डोकं होतं हां, लाल मुंग्यांचं प्रिंट असलेल्या पुरुषांच्या अंडरपँट काढल्या आणि त्या धडाक्यात खपल्या.

तर असा माणूस १९५२ ला सिनेटवर गेला, तोही सिनेटमधल्या बहुमतवाल्या डेमोक्रॅट्सच्या नेत्याला, मॅकफार्लंडला पाडून, आणि मग आयुष्यभर एकच धोशा, वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, आमच्यात लुडबुड करू नये. आता फिनिक्स वाढलं कशावर? १९११ ला पूर्ण झालेलं रूझवेल्ट धरण सरकारी, युद्धकाळातले विमानतळ सरकारी. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने अ‍ॅरिझोनात आणायची स्कीम आली तेव्हा तर हेच साहेब अ‍ॅरिझोनाचे दुसरे सिनेटर हेडन यांच्याबरोबर बिल मांडायला पुढे! कालवा थोडाथोडका नाही, ५०० किलोमीटरच्या वर. आणि गंमत म्हणजे त्या कायद्यावर १९६८ ला सही कुणाची, तर ज्याने यांना १९६४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत धूळ चारली त्या जॉन्सनची.

सिव्हिल राइट्सचं, म्हणजे काळ्यांच्या समान हक्कांचं, पण तसंच. अ‍ॅरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमध्ये (राज्याच्या राखीव हवाई दलात) काळे-गोरे एकत्र आणणारा हा माणूस, १९५७ आणि ६० च्या बिलांना याचा पाठिंबाच होता, पण १९६४ ला हॉटेल आणि नोकऱ्यांमधला भेदभाव केंद्राने बंद करायचं म्हटल्यावर विरोधात गेला, कारण काय तर घटनेत बसत नाही. पाणी आणायला केंद्र चालतं, काळ्या माणसाला हॉटेलात टेबल मिळवून द्यायला चालत नाही. त्या वर्षी सहाच राज्यं मिळाली, त्यातलं एक घरचं आणि बाकी पाच दक्षिणेतली, जिथे काळ्यांच्या हक्कांना गोऱ्यांचा कडवा विरोध होता, तेव्हा मतं कशासाठी पडली ते उघड आहे.

ऑगस्ट १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या अध्यक्ष निक्सनला तोंडावर जाऊन, सिनेटमध्ये तुमच्या बाजूने मोजकेच उरलेत, हे सांगणाऱ्या तिघांत हे होते, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, तुमच्या लेखात त्यावर एक ओळही नाही. पुढचा भाग येणार असेल तर हे आणि दुकानाची कंत्राटं दोन्ही येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक