ताई, तुम्ही दिवा घेऊ दिला नाहीत म्हणून

प्रिय ताई,

आभार मानायला सात महिने लावले, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझी माशांची टाकी खरंच सावरली आहे याची खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता खात्री झाली आहे. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण तुम्ही त्या संध्याकाळी मला जे समजावलंत ते पहिली टाकी मांडणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं.

तुमच्या भावाने तुमचा नंबर दिला तेव्हा मी पार हताश झालो होतो. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच, म्हणजे जेमतेम ६५ लिटरची. तिच्यावर ३६ वॅटचा एलईडी होता आणि तो रोज बारा तास जळायचा. तिसऱ्या आठवड्यात अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचा थर बसला, शेजारच्या जावा फर्नला शेवाळाच्या जटा लोंबू लागल्या आणि निऑन टेट्रा मासे दिवसभर फिल्टरमागे दडून राहू लागले. दिवा कमी पडतोय, झाडं वाढत नाहीत म्हणून शेवाळ माजतंय, असं मला वाटत होतं. ‘झाडांसाठी खास’ म्हणून विकला जाणारा गुलाबी दिवा मी जवळजवळ मागवलाच होता.

तुम्ही आलात आणि दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. खाली वाकून आधी विचारलंत, “लावलंय काय काय?” मी नावं सांगितली. “यातलं एकही उन्हातलं झाड नाही,” एवढंच म्हणालात. त्या एका वाक्याने माझा सगळा हिशोब उलटा फिरला. मी आधी दिवा आणला होता आणि मग त्याच्याखाली झाडं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन ही मंद उजेडात सावकाश वाढणारी झाडं. अनुबियासला एक पान काढायलाही आठवडे लागतात, आणि तेच पान महिनोन्महिने प्रखर उजेडात राहिलं की त्यावर शेवाळ बसणारच.

मग वॅटचा घोळ तुम्ही सोडवलात. पाण्याच्या मापाला इतके वॅट हा हिशोब जुन्या फ्लुरोसंट ट्यूबच्या काळातला. तेव्हा एका वॅटमधून साधारण किती उजेड मिळणार हे ठरलेलं असायचं, म्हणून तो चालायचा. एलईडीत तो चालत नाही, कारण वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज, देतो तो उजेड नव्हे. खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, शोधायला लावलंत, तिथे ३,५०० लिहिलं होतं. भागाकार मलाच करायला लावलात: लिटरला जवळपास ५४. अशा झाडांना लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन पुरतात, हे ऐकून मी गप्प झालो.

लगेच तुम्ही हेही बजावलंत की ल्युमेन हा अंदाजच. ते माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत तल्लख. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड कमी-जास्त वापरतात, आणि तो मोजायचं माप म्हणजे ‘पार’ (PAR). तोही दिव्याखाली लगेच किती यापेक्षा तळाशी, रोपाच्या पानावर किती पोचतो ते महत्त्वाचं. म्हणूनच उथळ टाकीवर भगभगणारा दिवा खोल टाकीच्या तळाला पुरेलच असं नाही. गुलाबी दिव्याचं आकर्षण माझ्या मनातून तिथेच गेलं: साध्या पांढऱ्या एलईडीतही निळा आणि लाल असतोच, झाडं त्यावर मजेत वाढतात.

उजेड वाढवला की झाडाला कार्बन डायऑक्साइडही वाढवून लागतो, हे मला माहीतच नव्हतं. तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, असं तुम्ही सांगितलंत. माझ्या टाकीत तो वायू सोडायची सोय नव्हती. झाडं अडकून पडली होती आणि न वापरलेला उजेड शेवाळ खात होतं.

पण ताई, सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते तुम्ही मला थांबवलंत म्हणून. मी त्याच रात्री नवा दिवा घ्यायला तयार होतो. तुम्ही म्हणालात, “शेवाळ जाईपर्यंत काही घ्यायचं नाही. उजेड कमी करतानाच नवा दिवाही आणलास तर कशाने गुण आला ते तुला कधीच कळणार नाही.” जुनाच दिवा १५ सेंटिमीटर वर टांगायला लावलात, टायमर बसवून सहा तासांवर आणलात, वर थोडी तरंगणारी झाडं सोडायला सांगितलीत. रात्रभर चालू असणारा निळा दिवा बंद करायला लावलात. माशांना पापण्या नसतात, त्यांना अंधार द्यावाच लागतो, हे तुम्ही ज्या मायेने सांगितलंत ते अजून कानात आहे. निऑन चार दिवसांत बाहेर आले. शेवाळाला मात्र दोन महिने लागले.

आणि ती दिव्याची वायर! ती काचेवरून थेट खाली सॉकेटमध्ये जात होती. मी ती रोज पाहत होतो आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही. तुम्ही आधी प्लग काढायला लावलात, वायरीला सॉकेटच्या खाली झोळ दिलात, आणि ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या टोकावरून खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही, हे दाखवलंत. घरात लहान मूल आहे. त्या दोन मिनिटांचे आभार कोणत्या शब्दांत मानू, मला कळत नाही.

नवा दिवा शेवटी चौथ्या महिन्यात घेतला, तुमची शिकवण समोर ठेवून. लिटरला २२ ल्युमेन, ६,५०० केल्व्हिन म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, आयपी ६७ म्हणजे पाणी आत न शिरणारा, आणि डिमर हवाच, कारण जास्त असलेला उजेड कमी करता येतो. रंगासाठी सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा पाहिला, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे आर९, म्हणजे गडद लालचा आकडा, वेगळा विचारला, कारण गडद लाल रंग सीआरआयच्या सरासरीत धरतच नाहीत. दिवा लावला आणि निऑनच्या पोटाकडचा लाल पट्टा पहिल्यांदा खरा लाल दिसला. त्यांचा निळा पट्टा त्वचेतल्या बारीक स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा, तो जुन्या दिव्यातही चमकायचा. लाल मात्र रंगद्रव्याचा आहे, आणि दिव्यात लाल कमी असेल तर तो मळकट दिसतो. इतके दिवस मासे फिकुटले आहेत, आजारी आहेत असंच मी समजत होतो.

आता दिवा ७० टक्क्यांवर आणि रोज सात तास चालतो. सकाळी आधी खोलीतला दिवा लावतो आणि थोड्या वेळाने टाकीतला, म्हणजे मासे दचकत नाहीत. काच आठवड्यातून एकदा पुसतो, तीही सवयीने.

कोपऱ्यातलं क्रिप्टोकोरीन, ज्याची सगळी पानं विरघळली होती आणि जे मी उपटणार होतो, तुम्ही “मुळं जिवंत आहेत, राहू दे” म्हणाला होतात. त्याला आता बाजूने दोन पिल्लं फुटली आहेत. एक तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलं आहे. कधी येता, कळवा.

तुमचा,
भावाचा मित्र