सात चांदण्यांजवळचा शब्द

प्रिय शैला,

दिवाळीपासून पत्र नाही. मनातल्या मनात घातलेल्या शिव्या पोचल्या. गुडघे तसेच, यांची साखर आटोक्यात. झालं.

लिहायला बसले ती बाळ्यामुळे. त्याने व्हॉयनिच हस्तलिखित, ते अनोळखी लिपीतलं, अजून कुणालाच न लागलेलं जुनं सचित्र पुस्तक, 'वाचलं'. हसू नकोस. ती लिपी मोडीच्या जवळची आहे म्हणे. पुस्तिका काढतोय आणि प्रस्तावना मी लिहायची, कारण घराण्यात मोडी येणारी मीच. (तुझं नाव सुचवलं होतं. 'त्या फार चिरफाड करतात,' म्हणाला.)

गोम अशी, की सलग मजकुराला तो हातच लावत नाही. चित्रांशेजारचे सुटे शब्द तेवढे घेतो. एका पानावर सात चांदण्यांचा पुंजका आहे, जवळ एक शब्द. तो म्हणतो, कृत्तिका. शैला, त्याने ठरवलेले उच्चार धरून वाचलं, तर दोन मिनिटं मलाही कृत्तिकाच दिसल्या! याच शब्दात 2014 साली स्टीफन बॅक्स या इंग्लंडमधल्या भाषाशास्त्रज्ञाला वृषभाचं टॉरस दिसलं होतं. शेजारी चित्र असलं की शब्द कुणालाच नाही म्हणत नाही. बाळ्याला म्हटलं, कार्तिकेयाच्या माता सहा, इथे चांदण्या सात. तर म्हणे, अरुंधती परत आली असेल.

मग येलच्या ग्रंथालयाने खुली ठेवलेली पानंच उघडली. राशींच्या चक्रांत उघड्या बायका, काही तर पिंपांत उभ्या, हाती चांदणी, शेजारी एकेक शब्द. मेषेच्या दोन पानांवर पंधरा-पंधरा जणी. आणि बहुतेक शब्दांची सुरुवात एकाच थाटाची: आधी एक गोल, लगेच उंच दांडीचं अक्षर. सगळ्यांची नावं एकाच अक्षरावरून? आपल्या वर्गात सुनंदा तरी चारच होत्या. औषधांच्या पानांवर मुळांपाल्याशेजारीही तो गोल पुष्कळदा पुढे आहेच. मला वाटतं, ही नावं नसावीतच. 'सौ.'सारखं काही असेल, आकडे असतील, नाहीतर नुसता भरणा. धड वाचता येतात ते महिने. मीनेत मार्स, मेषेत अबेरिल. पण ते मागाहून कोणीतरी रोमन अक्षरांत घातलेले.

आपला तो वतनाचा कागद आठव. शब्द कुठे तोडायचा यावरून केवढा अबोला धरला होतास! पण तिथे पुढच्या ओळीने निकाल दिला (माझ्या बाजूने, हे असू दे लक्षात). बाळ्याला पुढची ओळच नको आहे.

वर म्हणतो, ही विद्या पोर्तुगिजांनी नेली. अरे, त्या पानांचं चामडं कार्बन तपासणीत 1404 ते 1438 मधलं ठरलंय, वास्को द गामा कालिकतला आला 1498 साली! तर कोरं चामडं साठ वर्षं पडून होतं म्हणे. मामी मात्र पुस्तिकेचं सगळ्यांना सांगत सुटल्यात. नाही म्हणावं तर त्यांचं तोंड उतरेल, हो म्हणावं तर तू मला जन्मभर ऐकवशील. प्रस्तावनेत फक्त राशींच्या पानांबद्दल लिहिलं आणि त्या गोलाचं कोडं तिथेच मांडलं तर? छापेल का तो?

अमेयचं घर लागलं का? सूनबाईंना सातवा ना? मोतीबिंदूचं आता टाळू नकोस. आणि बाळ्याचा फोन आलाच तर मी गावाला गेलेय.

तुझी,
मंदा