अण्णांची रायफल १९०२ ची नाही

कोल्हापूर, मंगळवार

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही की फोन नाही, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत बरी आहे, साखर तेवढी वर-खाली. आता मुद्द्याचं. अण्णांची रायफल १९०२ ची नाही.

पाणी पी, मग पुढचं वाच. ‘रायफल १९०२ ची’ असा तुझ्या सहीचा कागद अण्णांनी काचेत घालून सोप्यात लावलाय. रायफल शाहू महाराजांनी दिली म्हणतात, आणि महाराज एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले ते १९०२ सालीच. नंबरावरून साल काढायच्या तुझ्या तक्त्यातही नेमकं तेच साल निघालं. मग काय, येईल-जाईल त्याला चहाआधी रायफल!

घोळ नंबरात आहे. तुला फोनवर सांगितला तो लायसनवरचा, आणि लायसनवर कुणीतरी तो बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याच्या, मुठीच्या बुडाशी बघून उतरवलेला. बोल्ट या रायफलचा नाहीच भावा! रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर) आणि दस्ता उतरवल्यावर नळीच्या पोटावर एकच नंबर आहे, बोल्टवर वेगळा. तो बोल्ट जर्मन लष्करी माउझरचा. त्या रायफलींचे नंबर दर साली पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, दहा हजार झाले की पुढे अक्षर लागायचं. म्हणजे नुसत्या नंबरावरून साल निघतच नाही. कुंडली मांडायला बसलास आणि जन्मवेळ शेजारच्या पोराची घेतलीस!

त्यात बोल्टची मूठ मुळात सरळ असणार, नंतर कुणीतरी तापवून वाकवलीय. मुळाशी निळसर-तपकिरी झाक अजून दिसते. आच मागे कॉकिंग कॅमपर्यंत, म्हणजे घोडा चढवणाऱ्या उतारापर्यंत, गेली असेल तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरलेलं असणार. बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट (हेडस्पेस) गेजने तपासल्याशिवाय त्यातून बार काढायचा नाही, हे अण्णांना निक्षून सांगितलंय. दसऱ्याला हवेत एक तरी, असं त्यांचं चाललं होतं.

आता खुणा. रंकाळ्यावर यावरूनच आपण तीन आठवडे बोललो नव्हतो, आठवतंय? तू म्हणायचास नंबर, मी म्हणायचो आधी ठसे. नळीच्या बुडाशी बर्मिंगहॅमच्या प्रूफहाउसचे, म्हणजे बंदुकीची नळी बार काढून तपासणाऱ्या कचेरीचे, ठसे आहेत: मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली एनपी. ही पद्धत १९०४ पासूनची. त्याआधी तिथे मुकुट, फुलीसारखे राजदंड आणि बीपीसी अशी अक्षरं असायची. जुनी बंदूक नंतर पुन्हा प्रूफला गेली असती तर दोन्ही पिढ्यांचे ठसे एकमेकांशेजारी सापडले असते. इथे भिंगाने तासभर बघितलं, रिसीव्हरवरही जुना ठसा एक नाही. घासून काढला म्हणावं तर बाकीच्या अक्षरांच्या कडा धारदार आहेत. पॉलिश झालं असतं तर त्या गोल झाल्या असत्या.

दुसरं, कॅलिबर. नळीवर .३१८ (इंच) आहे, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या बंदूकवाल्यांचं. हे काडतूसच १९१० च्या सुमाराचं. तू म्हणशील, .३१८ म्हणजे जुनं जर्मन आठ मिलिमीटर असेल. मलाही तोच संशय आला, म्हणून नळीत मऊ शिशाची गोळी ठोकून काढली. जर्मन असती तर नळीच्या आतल्या पिळाच्या खाचेत ८.०८ मिलिमीटर भरली असती, भरली ८.३८. इंग्रजांचा .३१८ हा आकडा खाचांमधल्या उंचवट्यांवर मोजलेला, गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची. या एका आकड्याने किती जण फसलेत! चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, साचाही सेरोसेफ हे लवकर वितळणारं धातूचं मिश्रण ओतून घेतला. पुढे नळीत चिंधीचा बोळा ठासायचा, मिश्रण नव्वद अंशांच्या आतच वितळतं. लगेच मापू नये, ते आधी आकसतं आणि तासाभराने चेंबरच्या मापावर येतं. मी घाईत वीस मिनिटांनी मापलं आणि पुन्हा ओतावं लागलं.

नळी नंतर बदलली असेल म्हणशील, तर नळी आणि रिसीव्हरचा नंबर एक आहे हे वर लिहिलंय. रिसीव्हरवर ‘वाफेनफाब्रिक माउझर’ आहे. १९२२ मध्ये कंपनीचं नाव माउझर-वेर्के झालं, त्यामुळे रिसीव्हर त्याआधीचा. आणि १९१४ ते १८ जर्मनीतून बर्मिंगहॅमला माल कोण पाठवणार? माझ्या मते १९१० ते १४. नेमकी तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव कारखान्याच्या जुन्या वह्यांतून निघेल, पण खरा नंबर लिहून पाठवला तर.

राहता राहिला दस्त्याच्या पोटाखालचा चांदीचा लंबगोल पत्रा. त्यावरची आद्याक्षरं बारीक, एकसारख्या खोलीची. खालचं ‘१९०२’ मात्र जाड टोकाने कोरलेलं, आणि नऊचं शेपूट कडेवर घसरलेलं. ते इथल्या गुजरीतल्या, सराफ बाजारातल्या कारागिराचं काम दिसतं. कधी आणि कुणी करून घेतलं हे मला विचारू नकोस. अण्णांच्या समोर तर नकोच.

महाराज १९२२ पर्यंत होते, म्हणजे ‘महाराजांनी दिली’ एवढं अजून खरं असू शकतं. हा धागा मी अण्णांसाठी हातात धरून ठेवलाय. पण १९०२ जायला हवं, आणि ते तुझ्या सहीने आलंय, तेव्हा तुझ्याच सहीने जाऊ दे. मी सांगितलं तर म्हणतील, हा पहिल्यापासून जळका. लायसनवरचा नंबर दुरुस्त करायचा अर्ज मी लिहून ठेवलाय. तो आधी जाऊ दे, कारण हत्यार एक आणि कागदावर नंबर भलताच, हे साल चुकण्यापेक्षा वाईट.

नवं घर घेतलंस ते कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार, धाकटीचा निकाल कळव. येशील तेव्हा तुझा मायक्रोमीटर आण, माझ्या व्हर्नियरवर तू विश्वास ठेवणार नाहीस. आणि रविवारी येऊ नकोस, रविवारी अण्णांकडे पाहुणे असतात.

तुझा,
दाजी