कल्याण केंद्राचं कुलूप काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुनर्विकासाच्या बातम्यांत लिफ्ट, पार्किंग आणि चटईक्षेत्र रोज असतं. एका खोलीबद्दल मात्र कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत बालवाडी आणि रहिवाशांच्या कल्याण केंद्रासाठी जागा ठेवावी लागते, तसा नियमच आहे. आमच्या इमारतीतही ती आहे, तळमजल्यावर, जिन्याला लागून. राहायला आलो तेव्हापासून तिला कुलूप. मध्यंतरी काही कामासाठी उघडली, तर आत रंगाचे रिकामे डबे, जुनं मखर आणि मोडक्या खुर्च्या.

मी बावीस वर्षं गिरणगावातल्या एका केंद्रात शिवणवर्ग घेतला. दहा पायमशिनी आणि वीस बायका, म्हणजे दोघींत एक मशीन. जोड्या मी हजेरीच्या क्रमाने लावायची, ओळखीपाळखीने नाही. त्यामुळे कोकणातली एखादी मदनपुऱ्याच्या मुस्लिम वस्तीतल्या मुलीशेजारी बसे, तेलुगू पद्मशाली घरातली उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आलेलीशेजारी. पहिले आठ दिवस कोणी कोणाच्या बाटलीतलं पाणी पीत नसे. पण ब्लाउज शिकायचा तर माप घ्यावं लागतं, आणि माप घ्यायचं तर टेप दुसरीच्या अंगाभोवती फिरवावीच लागते. मुंढ्याचा गोल चुकला की दोघी मिळून उसवत बसत. महिन्याभराने डबेही एकत्र उघडू लागत. मी कधी एकोप्यावर एक शब्द बोलले नाही.

जानेवारी १९९३ च्या दंगलीत वर्ग पंधरा दिवस बंद होता. उघडला त्या सकाळी मदनपुऱ्याच्या दोघी येतील का, याची मला धाकधूक होती. बाहेर येऊन पाहिलं, तर त्यांच्या जोडीदारणी आधीच कोपऱ्यावर जाऊन उभ्या होत्या, त्यांना घेऊन यायला.

गणपतीला, ईदला एकमेकांकडे जाणं चांगलंच आहे, ते व्हावंच. पण ते वर्षाचे दोन दिवस. रोज हाताला काम देणारी जागा वेगळी, आणि या शहराला ती नवीन नाही. १९२६ साली अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेने भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं केंद्र सुरू केलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या लक्षात आलं की वस्तीतलं काम नुसत्या चांगुलपणावर होत नाही, त्यासाठी शिकलेला कार्यकर्ता लागतो. त्यातून १९३६ साली तिथेच सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. आपण मात्र नियमाप्रमाणे खोली बांधतो, माणूस नेमत नाही. मग ती खोली अडगळीची होणार नाही तर काय?

आमच्याच योजनेत विक्रीच्या फ्लॅटांची उंच इमारत आहे. तिच्या आणि आमच्यामध्ये भिंत. तिथल्या घरांत आमच्या इमारतीतल्या कितीतरी जणी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला जातात, पण दोन्हीकडची मुलं एकत्र खेळताना मी पाहिलेली नाहीत. केंद्राचं एक दार त्या बाजूलाही असायला हवं होतं. अजूनही काढता येईल.

पालिकेने आणि पुनर्वसन प्राधिकरणाने एवढं करावं: अशी कुलूपबंद केंद्रं किती आहेत ते मोजावं, ती लग्नाच्या भाड्याला किंवा गोदामाला देऊ नयेत, आणि दोन-तीन केंद्रांमागे एक पगारी, शिकलेली कार्यकर्ती नेमावी. रोज चार तास दार उघडं राहिलं तरी पुरे.

कार्यकर्ती येईपर्यंत मी बसायला तयार आहे. माझ्याकडे दोन पायमशिनी आहेत, पट्टे नवे घातले आहेत. सोसायटीकडे तीनदा लेखी अर्ज दिला, उत्तर आलेलं नाही.

एक निवृत्त शिवणशिक्षिका, मुंबई