मॉर्फिनची पुढची तारीख चिठ्ठीवरच लिहा

महोदय,

कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन चालू असलेल्या माणसाच्या घरी शुक्रवारी रात्री शेवटची स्ट्रिप संपते आणि पॅलिएटिव्ह केअरची (वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) ओपीडी मंगळवारी असते. मधले साडेतीन दिवस काय करायचे, हे ना घरच्यांना माहीत असते, ना जवळच्या मेडिकलवाल्याला. अशा वेळी सगळा राग कायद्यावर निघतो. कायदा कडक आहे, हे खरेच. तरीही चिठ्ठ्या आणि उरलेल्या गोळ्या मोजण्याचे काम रोज करणाऱ्या आम्हा मंडळींना हे सांगावेसे वाटते की यातले बरेचसे खंड चिठ्ठी लिहितानाच टाळता येतात.

आधी नियम समजून घेऊ. आपल्याकडे तेच औषध पुन्हा आपोआप मिळत नाही. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ प्रमाणे, डॉक्टरने पुन्हा देण्याविषयी स्पष्ट लिहिले नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते. किती वेळा किंवा किती दिवसांनी द्यायचे हे लिहिले असेल, तर दुकानदाराला त्याबाहेर जाता येत नाही. औषध दिल्याची तारीख आणि दुकानाचे नाव-पत्ता त्याने चिठ्ठीवर नोंदवायचा असतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहे. त्यामुळे रुग्ण, डॉक्टर, औषध आणि नग यांची वेगळ्या वहीत नोंद होते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले. म्हणून ‘गेल्या महिन्याचीच चिठ्ठी आहे, द्या ना’ अशी विनवणी करून दुकानदाराला अडचणीत आणू नये.

मॉर्फिनची वाट निराळी आहे. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंतर ते मिळवण्यासाठी रुग्णालयांना वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी ठरत. २०१४च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक मादक औषधे’ असा वेगळा वर्ग केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आहेत. २०१५च्या नियमांनुसार राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था आपल्याकडच्या प्रशिक्षित डॉक्टरमार्फत ती देऊ शकते. म्हणजे मॉर्फिन बहुधा जिथे नाव नोंदले आहे तिथूनच मिळते, आणि ते शोधत दहा दुकाने फिरण्यात वेळ जातो. टेलिमेडिसिनच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मादक औषधांची चिठ्ठी फोनवर किंवा व्हिडिओवर देता येत नाही. डॉक्टर फोनवर सल्ला देऊ शकतो, गोळ्यांसाठी मात्र कोणीतरी जावेच लागते. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर नातेवाइकाने फाइल घेऊन आले तर चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे. ऐनवेळी दारात उभे राहून यावर वाद घालण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

आता तारखेचा हिशेब. ‘एक महिना’ हा शब्द चिठ्ठीवरून हद्दपार व्हायला हवा. ओपीडी मंगळवारी असते. एका मंगळवारी तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तिसावा दिवस चार आठवड्यांनंतरच्या बुधवारी येतो. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे चौथा आठवडा पुरा झाल्यावरच्या मंगळवारी, नातेवाईक आले तर दोन दिवसांच्या गोळ्या हाताशी असतात. ‘अजून आहेत, पुढच्या वेळी जाऊ’ म्हणून ते थांबले, की गुरुवारपासून सोमवारपर्यंत पाच दिवस कोरडे जातात. म्हणून मुदत २८ दिवसांचीच धरावी, म्हणजे वार बदलत नाही. पहिल्या वेळी ३१ दिवसांचा साठा द्यावा आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी नेमका २८ दिवसांचा. तीन दिवसांची राखीव पुडी सतत तेवढीच राहते, वाढतही नाही आणि घटतही नाही. दर वेळी तीस दिवसांच्या गोळ्या देत राहिले तर सहा भेटींत बारा दिवसांचा साठा घरात साचतो आणि कोणीतरी शंका घेतेच. ‘पुढची भेट’ या शब्दांपुढे वार आणि तारीख, आणि ‘साठा पुरेल’ यापुढे दुसरी तारीख लिहावी. भेटीचा दिवस धरून दुसऱ्या तारखेपर्यंत तीन दिवस दिसले पाहिजेत.

सर्वांत मोठी चूक नगांमध्ये होते. साधे मॉर्फिन दर चार तासांनी घेतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा या वेळांना दहा मिलिग्रॅमची एकेक गोळी आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्रीनंतर झोपमोड होत नाही. दिवसाच्या सहा गोळ्या, २८ दिवसांच्या १६८. हा आकडा बरोबर दिसतो आणि तिथेच घात होतो. ठरलेल्या वेळांच्या मधे उसळणाऱ्या कळेसाठी जादा डोस सांगितलेला असतो. तो साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा हिस्सा, म्हणजे इथे आणखी एक गोळी. ड्रेसिंग बदलण्याआधी एक आणि रात्री कूस बदलताना एक असे धरले तर रोज आठ गोळ्या होतात. १६८ गोळ्या तेव्हा बरोबर २१ दिवसांत संपतात. रुग्ण आठवडाभर आधी दारात उभा राहतो आणि ‘एवढ्यात संपवल्या?’ हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. त्याने डॉक्टरने सांगितले तसेच घेतले, फक्त सांगितलेले चिठ्ठीवर मोजले गेले नाही. खरी बेरीज २२४ होती. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त खुपते, कारण तिच्यामुळे वेदनेने हैराण झालेल्या माणसावर व्यसनाचा शिक्का बसतो.

म्हणून जादा डोसची ओळ वेगळी लिहावी, त्यापुढे दिवसाला जास्तीत जास्त किती हे लिहावे आणि एकूण नग अंकी व अक्षरी लिहावेत. स्ट्रिप दहाची असली की १६८ चे १६० करून मोकळे होण्याचा मोह होतो. त्या आठ गोळ्या म्हणजे एका दिवसाहून अधिक औषध आहे. सुट्या गोळ्या कापून द्याव्यात, पण नावाचा आणि मुदतीचा भाग असलेला तुकडा रुग्णाकडे राहील असे पाहावे.

मात्रा मध्येच वाढवली जाते तेव्हाही हिशेब मोडतो. दहाव्या दिवसानंतर फोनवर ‘दहाऐवजी पंधरा मिलिग्रॅम घ्या’ असे सांगितले, म्हणजे दिवसाला सहाऐवजी नऊ गोळ्या. हाती असलेल्या १०८ गोळ्या अठरा दिवसांऐवजी बारा दिवसच पुरणार. मात्रा वाढवल्याच्या त्याच फोनवर नवी तारीख ठरली पाहिजे. सांगणाऱ्याने ती सांगितली नाही तर ऐकणाऱ्याने विचारावी.

दीर्घकाळ काम करणारी, बारा तासांची मॉर्फिनची गोळी आणि साधी गोळी एकाच चिठ्ठीवर असेल तर दोन्हींचे नग वेगळे मोजावे लागतात. एक संपली म्हणून तिच्या जागी दुसरी स्वतःच्या मनाने घेऊ नये. बारा तासांची गोळी तोडायची, चावायची किंवा कुटून नाकातल्या नळीतून द्यायची नसते. तसे केल्यास बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते आणि श्वास मंदावू शकतो. गिळणे अवघड होऊ लागले की ते पुढच्या भेटीपर्यंत न थांबता कळवावे. फेंटानिलच्या पट्टीबाबत वेगळीच गल्लत होते. ती दर ७२ तासांनी बदलायची असते, पण लक्षात ठेवायला सोपे म्हणून ‘आठवड्यातून दोनदा’ असे सांगितले जाते आणि २८ दिवसांना आठ पट्ट्या दिल्या जातात. लागतात दहा. मग शेवटच्या पट्ट्या चार-चार दिवस चिकटवून ठेवल्या जातात आणि चौथ्या दिवशी वेदना डोके वर काढते. नवी पट्टी लावली तरी तिचा पूर्ण गुण यायला बारा ते चोवीस तास जातात. त्या वेळेसाठी साध्या गोळ्या हाताशी लागतात, आणि त्याही मोजणीत धराव्यात. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उष्णतेने औषध जास्त वेगाने शोषले जाते.

खंड पडला तर काय होते, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. साधे मॉर्फिन नियमित घेणाऱ्याला शेवटच्या डोसनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, घाम, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब आणि कमालीची अस्वस्थता सुरू होते. वेदना उसळते ती वेगळीच. घरच्यांना वाटते आजार एकदम बळावला, किंवा ‘याला त्या गोळ्यांची चटक लागली’. दोन्ही समज चुकीचे आहेत. शरीराला औषधाची सवय होणे हे काही आठवडे ओपिऑइड (मॉर्फिनच्या वर्गातली औषधे) घेणाऱ्या कोणाच्याही बाबतीत घडते. व्यसन म्हणजे औषधावरचा ताबा सुटणे, अपाय दिसत असूनही त्यामागे धावणे. गरज संपल्यावर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत नेतात, ते या सवयीमुळेच.

त्याहून गंभीर धोका नंतर असतो. पाच-सात दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत, मग मिळाल्या, आणि रुग्णाने पहिल्याच दिवशी जुनी पूर्ण मात्रा घेतली, तर ती त्याला पेलेलच असे नाही. मधल्या दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. त्याच काळात वेदना दाबायला डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांचा मारा झाला असेल तर मूत्रपिंडावर ताण आलेला असतो, आणि मॉर्फिनपासून तयार होणारे घटक मूत्रपिंडावाटेच बाहेर जातात. ते साचले की गुंगी वाढते. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर श्वासाला धोका अधिक. म्हणून एका दिवसाहून अधिक खंड पडला असेल तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी मात्रा विचारून घ्यावी. रुग्ण हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस देऊ नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गोळ्या कमी पडताहेत हे दिसले की बरेच जण चार तासांचे अंतर आठ तासांवर नेतात. असे ताणल्याने दर डोसनंतरचे निम्मे तास उघड्या वेदनेत जातात, जादा डोस वाढतात आणि साठा वाचतोच असे नाही. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, गोळ्या मोजाव्यात. उरलेल्या गोळ्यांना रोजच्या प्रत्यक्ष वापराने भागावे आणि आलेला आकडा पुढच्या भेटीपर्यंतच्या दिवसांहून लहान असेल तर त्याच दिवशी फोन करावा. चार दिवस आधी कळले तर बरेच काही करता येते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कळले तर फारसे काही हातात उरत नाही. भेटीला जाताना रिकाम्या आणि भरल्या, दोन्ही स्ट्रिप घेऊन जाव्यात. अपेक्षेपेक्षा जास्त उरलेल्या गोळ्यांकडेही लक्ष हवे. बहुतेकदा उलट्या होत असतात, किंवा बद्धकोष्ठतेला कंटाळून रुग्णाने डोस गाळलेले असतात. मळमळ बहुधा पहिल्या आठवड्यात ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. त्यामुळे सेना किंवा बिसाकोडिलसारखे रेचकही त्याच चिठ्ठीवर, तेवढ्याच दिवसांचे असावे.

रुग्णालयांनाही एक सांगणे आहे. रुग्णाच्या घरातली मोजणी कितीही चोख असली तरी कपाटच रिकामे असेल तर काय उपयोग? समजा ४० रुग्ण रोज सरासरी आठ गोळ्या घेतात, म्हणजे दिवसाला ३२०. मागणी नोंदवल्यापासून माल हाती यायला तीन आठवडे लागत असतील तर त्या काळात ६,७२० गोळ्या जातात. आठवड्याची शिलकी २,२४० धरली तर साठा ८,९६० वर आला की मागणी जायलाच हवी, मग कपाट भरलेले का दिसेना. आणि मॉर्फिन देणारे प्रशिक्षित डॉक्टर एकच असतील तर त्यांच्या रजेच्या तारखा ओपीडीच्या दारावर महिनाभर आधी लागाव्यात, किंवा त्याहून बरे, दुसऱ्या एका डॉक्टरचे प्रशिक्षण करून घ्यावे.

गोळ्या कुलपात ठेवाव्यात, विशेषतः घरात मुले असतील तर. रुग्ण गेल्यानंतर उरलेले औषध शेजारच्या दुसऱ्या रुग्णाला देण्याची इच्छा होते. त्यामागची माया आम्हाला समजते, तरी ते देऊ नये, जिथून घेतले त्या संस्थेला नोंद करून परत करावे. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडावी, तिच्यातही औषध उरलेले असते.

दिवाळीच्या आठवड्यात अनेक ओपीडी बंद असतात. ज्यांची पुढची भेट त्या आठवड्यात येते, त्यांच्या आधीच्या भेटीत २८ ऐवजी ३५ दिवसांचा साठा आणि तीन दिवसांची राखीव पुडी हिशेबात धरून चिठ्ठी लिहावी, अशी सर्व संबंधित डॉक्टरांना आमची विनंती आहे. त्या दिवशी डॉक्टरच्या लक्षात आले नाही, तर नातेवाइकांनी बंद ओपीडीची तारीख स्वतः सांगून नग तिथेच मोजून घ्यावेत.

– पॅलिएटिव्ह केअर विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते