आपण आणि आम्ही

माटुंगा, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न.

तीन महिने राहायला येताय, म्हणून नातीशी कसं बोलायचं ते आधीच कळवते. तिच्याशी फक्त मराठीत बोला. तमिळ तिला पाट्टी आणि ताता, म्हणजे तिकडच्या आजी-आजोबांकडून दिवसभर मिळतं, हिंदी बागेत मिळते. मराठी बोलणारी घरात मी एकटी, तीही सकाळ-संध्याकाळ.

दोन भाषांनी मूल गोंधळतं किंवा उशिरा बोलतं, ही भीती मनातून काढा. एकेका भाषेत शब्द कमी वाटतात, दोन्हींचे मिळून मोजले की भरतात. ती "पाणी वेणुम" म्हणाली तर टोकू नका. "पाणी हवं? हे घे पाणी," म्हणा आणि पेला द्या. ती हिंदीत बोलली की आपणही नकळत हिंदीवर जातो, तिथेच बिघडतं. यांचं हिंदीवर भागतं हे मुलांना लगेच कळतं, आणि मग मराठी नुसती समजते, तोंडात येत नाही. काही विचारलंत तर मनात पाच आकडे होईपर्यंत थांबा. शब्द शोधायला तिला वेळ लागतो. टीव्ही लावून देऊ नका, तो तिच्या उत्तरासाठी थांबत नाही.

तिचं अडतं ते लिंगापाशी, कारण तमिळमध्ये वस्तूंना तो-ती नसतं. दरवाजा उघडा, खिडकी उघडी, कपाट उघडं, असं घरभर फिरत बोला. नुसतं "ते मांजर" पुरत नाही, "ते मांजर पळालं" म्हटलं की तीन लिंगं कानात बसतात. आई, चमच्यातला च आणि चहातला च लिहायला एकच, त्यामुळे पुस्तकातून तो फरक कळत नाही, तुझ्या तोंडून ऐकूनच येईल. ळची काळजी नको, तो तमिळमध्येही आहे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'आपण' आणि 'आम्ही'. हिंदीत दोन्हींना 'हम'. तमिळमध्ये मात्र ऐकणाऱ्याला धरून 'नाम', वगळून 'नांगळ'. म्हणजे हा भेद तिच्याकडे पाट्टींकडून आधीच आलेला आहे. बाबा, फिरायला निघताना "आपण जाऊ या" म्हणा, आणि आजीला सांगताना "आम्ही जाऊन येतो". दोन्ही तिच्या देखत.

तुमच्यासाठीही थोडं. पानावर भात वाढताना 'पोदुम' म्हणजे पुरे. वेळेवर म्हणा, नाहीतर वाढत राहतील. 'पाल' म्हणजे दूध, भिंतीकडे बघू नका. 'वांग' म्हणजे 'या', मान देऊन. विहीण असो की व्याही, दोघांनाही एकच शब्द, 'संबंधी'. पाट्टी दारात "वांग, संबंधी" म्हणतील, तेव्हा आई, तूही तोच शब्द वापर.

तुमची लेक